डर्बीशरच्या पडद्याची उलट बाजू

तिरुच्चीच्या विमानतळावर आत शिरण्याआधी अप्पांनी माझ्या कोटाचं टोक हातात धरलं आणि उलटं करून पाहिलं. चेन्नईहून मागवलेला महागाचा कोट होता, एप्रिलच्या उकाड्यात तो हातावर टाकून मी उभी होते. मागे लोक ढकलतायत, आई रडायच्या बेतात, आणि अप्पा अंगठ्याने अस्तराची शिवण चाचपतायत. "टाका लांब घातलाय," ते म्हणाले. "थंडी धरायचा नाहीं हा." निरोप म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं. आईने मात्र नेहमीचं सांगितलं, 'जातें म्हणूं नको, जाऊन येतें म्हण.' मी जाऊन येते म्हटलं आणि गेले. त्याला अकरा वर्षं झाली. कोटाचं अस्तर इंग्लंडात डर्बीला पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुटलं.

आमच्या घरी कापड असंच पाहतात. आधी पाठ, मग तोंड. अप्पा तंजावूरला देवळांच्या रथांचे पडदे शिवतात. रथाला आम्ही तिथल्यासारखं तेर म्हणतो. तेर निघण्याआधी त्याच्या लाकडी सांगाड्याला चहूकडून रंगीत कापड चढवतात आणि कोपऱ्यांतून खांबासारखे लांब, गोल कापडी नळे सोडतात, त्यांना तोंबै म्हणायचं. लाल, पांढरं, पिवळं, हिरवं, काळं असं साधं सुती कापड. त्यातून मोर, हंस, कमळं, आणि सिंहाच्या अंगाची, हत्तीच्या सोंडेची याळी कापायची, चिंचोक्याच्या खळीने खालच्या कापडावर चिकटवायची आणि कडेकडेने शिवून घ्यायची. देवळाचा माणूस माल घ्यायला आला की आधी कड उचलून पाठ बघतो. पुढचं वाकडंतिकडं खळीने झाकता येतं, मागच्या टाक्याला काही झाकता येत नाही.

घरात सांगतात की आमचे लोक मराठी राजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून आले. खरं-खोटं देव जाणे, कागद कुणाजवळ नाही. तंबूंची गरज संपली तेव्हा त्यांनी तेराचं कापड धरलं आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ. अप्पांना तमिळ वाचता येतं, देवनागरीचं एक अक्षर नाही. हे लिहिलेलं त्यांना आईला वाचून दाखवता येणार नाही. आपल्या तंजावूरच्या ज्या घरांत कुणाला वाचता येत असेल, त्यांनी राहिलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. आणि जे माझ्यासारखे गेलेत त्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात बसून वाचावं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. टाऊन बसने कॉलेजला जाऊन बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, मग रक्त-लघवी तपासण्याचं पुढचं शिक्षण घेतलं, आणि आज डर्बीच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. निकालाच्या दिवशी अप्पांनी गल्लीत घरोघर पाल्कोवा, म्हणजे तिकडचा दुधाचा पेढा, वाटला. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याकडेही दिला.

पण त्या पदवीच्या मागे एक नियम होता. मला कापडाला हात लावायची परवानगी नव्हती. नऊ वर्षांची असताना मी उरलेल्या चिंध्यांतून एक पोपट कापला. चांगला कापला होता. अप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, न रागावता, आणि म्हणाले, "हें तुज येऊं नये. आलें कीं सुटत नाहीं." पुढे मीही ते मनावर घेतलं. इतकं, की मैत्रिणींनी विचारलं तर वडिलांचं कापडाचं काम आहे म्हणायची. ऐकणाऱ्याला दुकान वाटायचं, आणि मी तसं वाटू द्यायची.

डर्बीतली पहिली दोन वर्षं कामावर जाणं आणि खोलीवर येणं, एवढीच होती. बरोबरच्या एका पुण्याच्या मुलीने मला मराठी लिहायला शिकवलं. अक्षरं मला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, शब्दही येत होते, पण 'तुझी भाषा जुन्या पत्रासारखी आहे' असं म्हणून ती हसायची. तिनेच एका रविवारी मला ओढून एका जुन्या श्रीमंत घरात नेलं. बसने तासभर, मग चालत.

त्या दिवसाबद्दल नीट लिहायला मला अजूनही जमत नाही. टेकडीवर घर. भिंतींपेक्षा खिडक्या जास्त. आत शिरलात की जिना, आणि जिना म्हणजे आमच्या गल्लीएवढा रुंद, दगड मधोमध झिजून वाटीसारखा झालेला. वर एक दालन, इतकं लांब की पलीकडच्या टोकाचा माणूस हातभर दिसतो. पाऊस पडत असला की घरातल्या बायकांनी तिथे फेऱ्या मारायच्या, त्यासाठी बांधलेलं. फिरायला खोली! मी तिथे उभी राहिले आणि मला आमच्या घराची ओसरी आठवली, जिथे याळी पसरली की जेवायला भिंतीला टेकून, पाय दुमडून बसावं लागायचं.

मग मला नादच लागला. अशी घरं सांभाळणाऱ्या संस्थेचं वर्षाचं सभासदपण घेतलं आणि डर्बीशरमधलं एक घर, एक म्युझियम सोडलं नाही. नदीकाठच्या जुन्या सूतगिरणीत गेले. एका पाणचक्कीच्या जोरावर अख्ख्या मजल्यावरच्या चात्या कशा फिरायच्या ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला दोनदा समजावून सांगितलं, आणि यंत्र सुरू केलं तेव्हा पायाखालची फळी थरथरली. एका घरात पलंगाचे पडदे दाखवले, फुलाफुलांचे, धुवट लाल, आणि खाली लिहिलेलं, 'कोरोमांडल किनारा'. म्हणजे आमच्याच बाजूचे. ते माझ्याआधी अडीचशे वर्षं इथे येऊन बसलेले. एका घराच्या स्वयंपाकघरात तांब्याची भांडी उतरंडीने लावलेली, आणि नोकरांना बोलावायच्या घंटांची रांग, प्रत्येक घंटेखाली खोलीचं नाव. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. मी त्या काळी असते तर याच घंटांखाली उभी असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. आता तिकीट दाखवून पुढच्या दाराने येते.

या लोकांचं जपणं पाहून मला भरून यायचं. सुटलेलं बटण, फुटकी बशी, मुलाने भिंतीवर खरडलेलं नाव. काही टाकलेलं नाही. प्रत्येक खोलीत एक निवृत्त माणूस खुर्चीवर बसलेला, पगार नाही, काही नाही, फक्त त्या खोलीवर जीव.

आणि याच काळात अप्पांनी फोनवर सांगितलं की पुढच्या आडीच्या अठराला ते पुठ्ठे नदीत सोडणार.

हे पुठ्ठे म्हणजे काय ते सांगायला हवं. मोर, हंस, याळी रोज नव्याने काढत नाहीत. त्यांचे कापलेले नमुने असतात. जुन्या धोतराचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, उन्हात वाळवायचे, लाकडासारखे कडक झाले की त्यावर आकृती काढून कापायची. मग तो पुठ्ठा कापडावर ठेवून कडेने खडू फिरवायचा. अप्पांकडे असे पन्नासेक आहेत. आणि आमच्यात रीत अशी, की हात थांबला की पुठ्ठे कावेरीला द्यायचे. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीला नवं पाणी आलेलं असतं, तेव्हा. माझ्या आजोबांचे असेच गेले. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरायला लागलेला, आणि दोन देवळांनी छापील कापड घ्यायला सुरुवात केलेली. पुढे शिवणारं कोणी नाही. शिवणारं कोणी नको, हे त्यांनीच ठरवलं होतं.

मी फोनवर भांडले. म्हटलं, इथे माणसं फुटक्या बश्या जपतात आणि तुम्ही हे पाण्यात सोडणार? ते म्हणाले, "बशी जपायला बशीचा धनी नाहीं, म्हणून हे लोक जपतात. माझा धनी देव आहे. त्याचें त्यास." मग मी वेगळी युक्ती केली. आडीच्या आधी सहा आठवड्यांसाठी त्यांना डर्बीला बोलावलं. आई म्हणाली, "मी येत नाहीं, माझे गुडघे विमानांत मावत नाहींत. त्यांस घेऊन जा. तुज काय दाखवायचें तें दाखव, पण शिकवूं नको. शिकवलेंस कीं उठून येतील."

मला दाखवायचं होतं ते त्या खिडक्यांच्या घरातलंच. तिथे खालच्या मजल्यावर काही पडदे आहेत, चारशे वर्षांहून जुने. मी आधी ते अनेकदा पाहिले होते आणि दर वेळी तिथे रेंगाळले होते, कारण ते विणलेले नाहीत, रंगवलेलेही नाहीत. मखमल, रेशीम, जरीचं कापड कापून, चिकटवून, कडेने शिवलेले आहेत. कमानीखाली एक उंच बाई उभी, बाजूला सिंह बसलेला. आमचंच काम. मला वाटलं, हे पाहिलं की अप्पा समजतील की जपण्यासारखं असतं, आणि पुठ्ठे वाचतील.

जूनमधला दिवस होता. अप्पांनी पांढरी पॅंट, माझ्या शेजाऱ्याचा स्वेटर आणि कपाळाला विभूती अशा थाटात ते घर पाहिलं. जिन्यावर त्यांनी वाकून पहिल्या पायरीला हात लावून डोळ्यांना लावला. लांब दालनात ते "एवढी जागा असती तर तेर घरांतच सजवलें असतें," म्हणाले. आणि मग आम्ही पडद्यांच्या खोलीत आलो.

अप्पा समोर उभे राहिले. बराच वेळ. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, पडद्याकडे नाही, म्हणून मला हात दिसायला उशीर झाला. मधे दोरी होती. दोरीवरून वाकून त्यांनी पडद्याची खालची कड दोन बोटांत धरली आणि उलटी केली. जशी माझ्या कोटाची केली होती. जशी आयुष्यभर प्रत्येक कापडाची केली.

राखणीला खुर्चीवर बसलेल्या आजी उठल्या. ओरडल्या नाहीत, पण अशा आवाजात "सर" म्हणाल्या की खोलीतले सगळे थांबले. अप्पांनी कड सोडली. आजींनी वायरलेसवर कुणाला तरी बोलावलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. लोक आमच्याकडे पाहत जात होते. इतकी वर्षं मी या घरांतून हात मागे बांधून फिरले. आणि अप्पा तिथे दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून बसलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

मी म्हटलं, "अप्पा, हें तुमचें दुकान नव्हे."

ते माझ्याकडे वळले नाहीत. मला तेव्हाच कळलं की मी काय बोलले. पण बोलून झालं होतं.

दहा-पंधरा मिनिटांनी हेलन नावाची एक बाई आली. त्या घरातल्या सगळ्या जुन्या कापडांची जबाबदारी तिच्याकडे. तिने टॉर्च लावून कड तपासली होती. या वेळी काही तुटलं नव्हतं. तिने शांतपणे समजावलं की हे कापड आता इतकं थकलंय की त्याला स्वतःचं वजनही जड होतं, माणसाच्या दोन बोटांनी एक धागा गेला तरी तो परत आणता येत नाही. मी अप्पांना सांगितलं. ते उभे राहिले, हात जोडले आणि तमिळमध्ये क्षमा मागितली. भाषा कळली नाही तरी तिला कळलं असावं. मग तिने विचारलं, मागे काय पाहायचं होतं तुम्हाला?

आता मला अप्पांचं काम इंग्रजीत सांगायचं होतं. आणि मला येईना. टाक्याचं नाव माहीत नाही. कड आत कशी मोडतात माहीत नाही. खळ कधी घट्ट लागते, कधी पातळ, माहीत नाही. अप्पा एक शब्द बोलायचे आणि मी त्यांनाच विचारायची, म्हणजे काय? मी, जिला प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नळीचं नाव तीन भाषांत येतं. तिसऱ्यांदा 'म्हणजे काय' म्हटल्यावर अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एखाद्या घराला आपणच कुलूप लावावं आणि मग आत कुणीतरी राहिलंय हे आठवावं, तसं काहीतरी. त्यांनी हेलनच्या हातातला कागद मागून घेतला, घडी घातली, नखाने कड मोडली आणि बोटांनीच टाका घालून दाखवला. सुई नाही, दोरा नाही. हेलन पुढे वाकली. मग म्हणाली, खाली चला.

खाली तिची खोली होती. मोठं टेबल, पांढरा उजेड, दोऱ्यांच्या रिळांचा डोंगर. ते पडदे साफ करताना प्रत्येकाच्या पाठीचे फोटो काढलेले होते, आणि तिने ते कॉम्प्युटरवर एकेक उघडले. अप्पा दीड तास खुर्चीच्या कडेवर बसून होते. मी त्यांना देवळातही इतकं स्थिर पाहिलेलं नाही. मधूनच बोट उचलायचे, "इथें हात बदलला." किंवा, "ही बाई घाईंत होती, कोणी हांक मारली असेल." एकदा नुसतेच हसले. विचारलं तर म्हणाले, "दोरा संपला, तरी चार टाके ओढून नेलेत. मीही नेतों."

मग एका फोटोत त्या उंच बाईच्या घागऱ्याच्या आत, मागच्या बाजूला, जरीचा एक हात दिसला. उलटा, बोटं खाली. अप्पांनी विचारलं, हा कुणाचा? हेलनने सांगितलं, संताचा. हे पडदे ज्या कापडातून कापले ते चर्चमधल्या पुजाऱ्यांचे झगे होते. राज्याचा धर्म बदलला, चर्चमधली अशी वस्त्रं काढून टाकली, पुष्कळशी जाळली. ही एका श्रीमंत घरात आली आणि कापली गेली.

अप्पा मागे सरले. "देवाचें वस्त्र कापलें?"

मी भाषांतर केलं. हेलन म्हणाली, हो. आणि न कापलेली जी होती ती गेली. ही कापली म्हणून उरली.

त्यानंतर अप्पांनी फोटो पाहिले नाहीत. उठले, तिच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला, आणि थेट बसकडे चालू लागले. बाग, तळं, काही पाहायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी जेवताना मी रसम वाढलं आणि आधी माफी मागितली. दुकानाबद्दल. ते म्हणाले, "दुकान नव्हे हें खरेंच. दुकान असतें तर ती कड मी सोडलों नसतों." मग मी मागितलं. सरळ. पुठ्ठे नदीत सोडू नका, मला द्या आणि मला शिकवा.

"तुज कॉलेजांत घातलों तें ह्यास नव्हे."

म्हटलं, कॉलेजात घातलंत म्हणूनच मला मागता येतंय. आज त्या बाईसमोर मी मुकी झाले अप्पा. तुमच्याच कामात.

त्यांनी भातावर आणखी रसम ओतून घेतलं. मग म्हणाले, "बघूं."

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "'बघूं' म्हणाले? मज बघायला आले होते तेव्हांही तेंच म्हणून गेले. चाळीस वर्षें झालीं, अजून काय तें सांगितलें नाहीं."

अप्पा परत गेले. पुढे फोनवर पुठ्ठ्यांचा विषय काढला की ते हवा कशी आहे विचारायचे. मी रजा घेतली आणि आडीच्या अठराच्या दहा दिवस आधी तंजावूरला पोचले, काय होणार हे माहीत नसताना.

ऑटोतून उतरले तर गच्चीवर जुनी धोतरं वाळत होती. वाटलं, धुतलेली. वर गेले तर एकावर एक चिकटवलेले थर, कडक झालेले, टकटक वाजणारे. नवे पुठ्ठे. डर्बीहून परतल्यापासून थोडे थोडे करून ठेवलेले. खाली ओसरीवर जुने सगळे ओळीने मांडलेले, मोर मोरांजवळ, याळ्या याळ्यांजवळ. अप्पांनी खडू पुढे केला. "जुन्यावरून नवे काढ. काप. मी बसतों." आणि माझं तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पण नोकरी सोडून हें करायला बसलीस, तर जुने-नवे सगळें एकदमच नदींत टाकीन. सांगून ठेवतों."

दहा दिवस मी ओसरीवर मांडी घालून बसले. आयुष्यात कुठल्या परीक्षेला इतकी घाबरले नव्हते. पहिल्या मोराचा तुरा मोडला. याळीची सोंड जाड झाली. अप्पा म्हणायचे, "रक्त काढतांना असाच हात हलतो काय तुझा?" मी म्हणायची, अप्पा, मी रक्त काढत नाही, तपासते. "तेंच. दुसऱ्यानें काढलेलें तपासायची सवय." आई आतून हसायची आणि आम्हां दोघांना कॉफी एकाच तांब्यात आणून द्यायची, म्हणजे उठावं लागू नये. माझ्या बोटांना फोड आले. त्या फोडांचा मला पदवीएवढाच अभिमान वाटला, हे लिहायला लाज वाटत नाही.

अठराव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कावेरीकाठच्या तिरुवैयारूला गेलो. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका नदीला पिवळा दोरा, काळे मणी, हळद वाहत होत्या, एकमेकींच्या गळ्यात दोरे बांधत होत्या. पाणी लाल, जोराचं. रीत मोडायची नाही, जुने पुठ्ठे नदीचे ते नदीलाच द्यायचे, हे अप्पांनी ठरवलेलं. ते पायऱ्या उतरले, मी गाठोडं घेऊन मागे. एकेक करून ते सोडत गेले. खळ विरघळायची, थर सुटायचे, मोर धोतर होऊन वाहून जायचा.

शेवटचा हंस होता. तो हातात धरून ते थांबले. म्हणाले, "माझ्या अप्पांचे पुठ्ठे इथेंच सोडलों. तेव्हां मी पंचवीसचा. त्यांत एक हंस होता, मान मागें वळवून पिसांत चोंच घातलेला. घाईंत त्यावरून काढून घेतलों नाहीं. वाटलें, येतें की मज. ती मान परत आली नाहीं, मीना. चाळीस वर्षें काढतों. बदक होतें."

मी म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत.

"कोणास कळलें नाहीं. देवळांतल्या कोणास नाहीं. मज कळतें."

आणि त्यांनी तो हंसही सोडला.

नवे पुठ्ठे माझ्या सुटकेसमध्ये डर्बीला आले. आता ते माझ्या जेवणाच्या टेबलावर असतात आणि जेवायला जागा उरत नाही. मी अजूनही रविवारी त्या घरांतून फिरते, अजूनही जिन्यावर थबकते. पण एक गोष्ट मला स्वतःबद्दल कळली. अकरा वर्षं मी तंजावूरच्या भोवतीही तशीच एक दोरी बांधली होती. मी सोडलं तेव्हा जसं होतं तसंच ते राहावं, कुणी हात लावू नये, आणि मी वर्षातून एकदा येऊन पाहून जावं. आता घर म्हणजे माझ्यासाठी ती जागा आहे जिथे माझं काम अजून वाकडं येतं, आणि ते वाकडं आहे असं तोंडावर सांगणारं माणूस आहे. ते माणूस किती वर्षं असेल, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही. शिकायचं पुष्कळ आहे, हे उत्तर मला पुरतं.

गेल्या रविवारी मी खिडक्यांच्या घराच्या मागच्या तळ्याकडे गेले. अप्पांना दाखवायचं राहिलं होतं ते. काठाजवळ एक हंस होता, अगदी जवळ, आणि तो मान मागे नेऊन पाठीवरच्या पिसांत चोच घालून काहीतरी साफ करत होता. मी चिखलात गुडघे टेकून तीन मिनिटं व्हिडिओ घेतला आणि पाठवून दिला.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. मागे आईच्या भांड्यांचा खणखणाट. ते म्हणाले, "दिसली मान." आणि मग, "पुठ्ठा आधीं तूं काप."